तीच बाग, तीच जागा, पुन्हा पुढच्या वर्षी

माझ्याकडे एका तालुक्याच्या गावातल्या नगरपरिषदेच्या बागेचे चौदा फोटो आहेत. सगळे एकाच जागेवरून काढलेले, फाटकाच्या डाव्या खांबाशी उभं राहून. पहिला जून २०१० चा. त्यात फाटकाशेजारी कडुनिंबाचं कमरेएवढं रोप आहे आणि शेळ्यांनी खाऊ नये म्हणून त्याच्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलेलं आहे. शेवटच्या फोटोत त्याच झाडाच्या सावलीत भेळेचा गाडा उभा आहे. मधल्या काळात हिरवळ दोनदा गेली आणि दोनदा आली. कारंजं बंद पडलं, मग त्यात माती भरून कोणीतरी झेंडू लावला. सिमेंटच्या हत्तीच्या घसरगुंडीची सोंड तुटली. ओपन जिमची पिवळी-निळी यंत्रं बसली. यातला एकही फोटो भिंतीवर लावावा असा नाही. पण हे फोटो ओळीने मांडले, की त्या गावातला माणूस जागचा हलत नाही. प्रत्येक फोटोपाशी त्याला काहीतरी आठवतं.

मी परभणीचा. बियाणं विक्रीची फिरती नोकरी असल्यामुळे मराठवाड्यातले आठही जिल्हे सतत पायाखाली असतात. दुपारी दुकानदार जेवायला गेले की दोन तास मोकळे मिळतात. ते मी बागांत, पारांवर, घाटांवर आणि मैदानांवर घालवत आलो. सुरुवातीची काही वर्षं मी सुंदर फोटोंच्या मागे होतो आणि त्यांतले बहुतेक आज मला उघडावेसेही वाटत नाहीत. खरी किंमत पुन्हा पुन्हा त्याच जागी जाऊन काढलेल्या साध्या फोटोंना आली. तेच काम नव्याने सुरू करणाऱ्यासाठी पद्धत लिहून ठेवतो आहे.

आधी जागा ठरवा, आणि कमी ठरवा

पहिल्या उत्साहात माणूस पन्नास जागा लिहून काढतो. मीही काढल्या होत्या. तिसऱ्या वर्षी त्यांतल्या अकराच उरल्या. नोकरीत, नात्यागोत्यात, लग्नकार्यात आपण आपोआप जिथे जातो त्याच जागा टिकतात. म्हणून यादी करताना नकाशा पाहू नका, आपलं येणं-जाणं पाहा. सासुरवाडी, मुलीचं कॉलेज, कुलदैवत, जिथे एसटी बदलावी लागते ते गाव. पाच जागा पुरेत. दहा म्हणजे भरपूर.

जागा निवडताना ती बदलणार का, हा प्रश्न स्वतःला विचारा. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा दरवर्षी जवळपास तसाच दिसेल. त्याच्यासमोरची चारबाग, पाण्याचे पाट आणि बाकांवर बसणारी माणसं मात्र बदलतात, तेव्हा फ्रेम त्यांच्याभोवती बांधायची. सिद्धार्थ उद्यान वेगळं. बसस्थानकाला लागून असल्यामुळे तिथे गाडीची वाट पाहणारं खेडं आणि फिरायला आलेलं शहर एकाच वेळी दिसतं. लातूरची गंजगोलाई म्हणजे मधोमध देवीचं मंदिर आणि भोवती सोळा रस्ते. त्यांतला एक रस्ता धरायचा आणि दरवर्षी त्याच रस्त्याच्या तोंडाशी उभं राहायचं. पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान, नांदेडचे गोदावरीचे घाट, जालन्याची मोतीबाग, हिंगोलीचं रामलीला मैदान, परभणीचं राजगोपालाचारी उद्यान या जागा तर सगळ्यांना माहीत आहेत.

पण माझा आग्रह असा, की निम्म्या जागा बिननावाच्या घ्या. पिंपळाचा पार, गावाची वेस, आठवडी बाजाराचं मैदान, बारव, जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण. मकबऱ्याचे फोटो हजारो लोक काढतात. तुमच्या गावच्या पाराचा २०१२ सालचा फोटो कदाचित कोणाकडेच नसेल, आणि रस्ता रुंद करताना पार गेला की तो मिळवायचा कुठलाच मार्ग उरत नाही.

उभं राहण्याची जागा पक्की करणं

सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि यावर वेळ घालवायला हवा. ‘फाटकाजवळ उभा होतो’ एवढं पुढच्या वर्षी पुरत नाही. दोन पावलं इकडेतिकडे झालं तरी समोरचं झाड मागच्या इमारतीला झाकतं किंवा उघडं करतं, आणि दोन वर्षांची तुलना फसते. फोनमधल्या जीपीएसवर विसंबू नका. मोकळ्या आभाळाखालीही ते काही मीटर चुकतं, दाट झाडीत त्याहून जास्त.

मी जी रीत वापरतो ती गवंड्याच्या ओळंब्यासारखी साधी आहे. समोर पाहून एक जवळची आणि एक लांबची अशा दोन पक्क्या वस्तू निवडा. समजा, जवळचा दिव्याचा खांब आणि लांबची पाण्याची टाकी. खांबाची उजवी कड टाकीच्या डाव्या कडेला बरोबर टेकेपर्यंत बाजूला सरका. आता तुम्ही एका ठरलेल्या रेषेवर आहात. मग फ्रेमच्या दुसऱ्या टोकाला अशीच जोडी शोधा. जवळ कुंपणाच्या भिंतीचा कोपरा, लांब देवळाचं शिखर किंवा मशिदीचा मिनार. पहिली जोडी न बिघडवता पुढेमागे सरकत दुसरी जोडी जुळवा. दोन रेषा जिथे छेदतात ती तुमची जागा. दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला ही नोंद दिली तरी तो तिथेच येऊन उभा राहील.

खुणेसाठी झाड घेऊ नका, ते वाढतं किंवा तोडलं जातं. होर्डिंग तर महिन्यात बदलतं. पाण्याची टाकी, शिखर, मिनार, जुन्या दगडी इमारतीचा कोपरा, टेकडीचं टोक या गोष्टी टिकतात. तरीही तीन जोड्या लिहून ठेवाव्यात, कारण यांतलीही एखादी जाते. वर सांगितलेल्या बागेत माझा दिव्याचा खांब सातव्या वर्षी उपटला गेला. तिसरी जोडी लिहिलेली होती म्हणून काम थांबलं नाही.

मकबऱ्यासारख्या सममित जागी हे सोपं जातं. मधल्या पाटाच्या रेषेवर उभं राहून दोन्ही बाजूंचे मिनार मुख्य घुमटापासून सारख्या अंतरावर दिसले, की डावं-उजवं जुळलं. पुढे-मागे जुळवायला जवळच्या कारंज्याची कड मागच्या चौथऱ्याच्या कोणत्या भागाला टेकते ते पाहायचं.

उंचीही ठरवा. मी कॅमेरा जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर धरतो. त्यासाठी बॅगेत सुतळी ठेवली आहे. तिच्या एका टोकाला नट बांधलेला आहे आणि १५० सेंटिमीटरवर गाठ आहे. नट जमिनीला टेकवायचा, गाठ कॅमेऱ्याच्या बुडाशी धरायची. ट्रायपॉडची गरज नाही, आणि बागेत ट्रायपॉड उघडला की वॉचमन येतोच.

शेवटची गोष्ट, मागच्या वर्षीचा फोटो हातात घेऊन जा. फोनमध्ये असेल तर उत्तम, पण कडक उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून मी पोस्टकार्डाएवढी प्रिंट वहीत ठेवतो. फोनच्या कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेषा चालू करा. आधी फ्रेमचे खालचे दोन कोपरे जुळवा, मग क्षितिज, मग मधला भाग.

एका जागी किती फोटो

चार पुरतात. पहिला ठरलेल्या जागेवरून रुंद. दुसरा त्याच जागेवर पाठ फिरवून, म्हणजे बागेबाहेरच्या रस्त्याचा. हा दुसरा फोटो मी पहिली पाच वर्षं काढलाच नाही आणि त्याची हळहळ आजही आहे. समोरच्या रस्त्यावर कौलारू दुकानं होती, ती कधी जाऊन तिथे काचेचं कॉम्प्लेक्स आलं, हे मला सांगता येत नाही. तिसरा एखाद्या ठरलेल्या छोट्या गोष्टीचा, बाक, नळ, घसरगुंडी किंवा कोनशिला. चौथा पाट्यांचा. ‘फुले तोडू नयेत’, प्रवेश शुल्क, बागेच्या वेळा, उद्घाटनाची फरशी. पाट्यांचे फोटो काढताना कंटाळा येतो, पण वीस वर्षांनी सर्वांत जास्त माहिती त्यांच्यातूनच मिळते. प्रवेश एक रुपयावरून दहावर कधी गेला, महिलांसाठी राखीव वेळ कधी सुरू झाली, हे तिथे लिहिलेलं असतं.

महिना आणि वेळ

मराठवाड्यात वर्षातून दोन फेऱ्या कराव्यात, एक मेच्या मध्याला आणि एक सप्टेंबरच्या उत्तरार्धात. मेमध्ये बागेचा हाडांचा सापळा दिसतो. कुठे पाणी मिळतं, कुठे नाही, कोणती झाडं मुळांच्या जोरावर तगली आहेत, हे तेव्हाच कळतं. सप्टेंबरात सगळंच हिरवं असतं. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्याशिवाय आपल्या भागातली बाग समजत नाही. तिसरी फेरी जमली तर फेब्रुवारीच्या अखेरीला करा. पळस फुललेला असतो आणि कडुनिंब पान गाळत असतो.

सूर्याचा हिशेब एकदाच समजून घ्या, मग जन्मभर पुरतो. आपल्या भागात जून आणि डिसेंबर यांच्यामध्ये सूर्योदयाची जागा क्षितिजावर साधारण पन्नास अंश सरकते. जूनमध्ये तो पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. डिसेंबरात भर दुपारीही तो संभाजीनगरच्या आभाळात जेमतेम ४७ अंशांवर चढतो, त्यामुळे दिवसभर सावल्या लांब राहतात. उलट मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो आणि काही क्षण खांबाची सावली खांबाच्या बुडातच जाते. तो शून्य सावलीचा दिवस लातूरला आधी येतो, संभाजीनगरला काही दिवसांनी. त्या सुमाराला दुपारी काढलेल्या फोटोत झाडाखाली काळे डबके आणि बाकी सगळं पांढरंफटक दिसतं. मकबऱ्याचा दर्शनी भाग दक्षिणेकडे असल्यामुळे हिवाळ्यात त्यावर दिवसभर ऊन असतं आणि मेमध्ये दुपारी त्यावरचं कोरीवकाम सपाट वाटतं. तुमच्या प्रत्येक जागेचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्राने पाहून वहीत लिहा आणि त्यावरून सकाळ की संध्याकाळ ते ठरवा. एकदा ठरलं की घड्याळ बदलायचं नाही. माझे बहुतेक फोटो सकाळी आठ ते नऊमधले आहेत.

इथे एक गुंता आहे. उजेड तारखेने चालतो आणि माणसं तिथीने. अधिक मास आला की सण तीन आठवड्यांनी पुढे सरकतो. २०२२ मध्ये दसरा ५ ऑक्टोबरला होता, २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला. हिंगोलीच्या रामलीला मैदानावरची दसऱ्याची गर्दी टिपायची असेल तर तिथी धरा. त्या मैदानातली झाडं आणि गवत टिपायचं असेल तर तारीख धरा. दोन्ही एका फोटोत मिळवायचा हट्ट केला की कशाचीच तुलना होत नाही. आपल्याकडे तारखेला बांधलेले दिवसही आहेत. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, हा त्यातला उत्तम. सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी त्या दिवशी सकाळी ध्वजवंदन होतं. गावोगावच्या हुतात्मा स्मारकांवरही माणसं जमतात, आणि एरवी ओसाड असणाऱ्या त्या जागा झाडून-पुसून घेतलेल्या दिसतात.

वाईट वर्ष कधीही वगळू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. त्या वर्षी बागांचे फोटो काढायला हात धजत नव्हता. माणसांना प्यायला पाणी नाही आणि मी वाळल्या हिरवळीपुढे कॅमेरा धरून उभा, हे मनाला लागत होतं. तरी काढले. आज माझ्या साठ्यात त्या वर्षाच्या फोटोंइतकं बोलणारं दुसरं काही नाही. २०२० च्या उन्हाळ्यात बागा बंद होत्या, तेव्हाची फेरी चुकली. ती जागा अल्बममध्ये रिकामीच ठेवली आहे आणि खाली कारण लिहिलं आहे. दुसऱ्या महिन्याचा फोटो तिथे चिकटवू नका.

माणसं

सार्वजनिक जागेचा फोटो म्हणजे माणसांचा फोटो, आणि इथे जबाबदारी मोठी आहे.

२०११ मध्ये एका दुकानात मी बागेचा फोटो दाखवत होतो. कारंजं, हिरवळ, मागे लांबवर एका बाकावर दोघं जण. दुकानदाराने फोटो जवळ ओढला आणि म्हणाला, “ही आमच्याच गल्लीतली पोरगी हाय की.” माझ्या पोटात खड्डा पडला. फोटो खिशात घातला, विषय बदलला. त्या मुलीचं पुढे काही झालं का, मला माहीत नाही. लहान गावात एका फोटोने एखाद्या मुलीचं कॉलेज बंद होऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून जोडपं फ्रेममध्ये असेल तर मी थांबतो. ते उठून जाईपर्यंत थांबतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी येतो. फोटो निघूनच गेला असेल तर चेहरे ओळखू येत नाहीत ना, हे मोठं करून पाहतो आणि शंका असेल तर पुसतो.

मुलांचा जवळून फोटो काढायचा तर आई-बापाला विचारा, ते दिसत नसतील तर काढू नका. बायका एकट्या बसल्या असतील तर लांबूनही लेन्स रोखू नका. त्यांना अशी निवांत जागा मुळात कमी मिळते, ती आपल्यामुळे गेली असं होऊ नये. विचारायचंच असेल तर आधी कॅमेरा खाली ठेवून नमस्कार करा आणि मग बोला. “मावशी, मी दरवर्षी या बागेचा फोटो काढतो, हा मागच्या वर्षीचा,” असं म्हणून प्रिंट दाखवली की निम्मं काम होतं. वडीलधारी माणसं मग स्वतःच सांगायला लागतात, इथे आड होता, तिथे तमाशाचा फड पडायचा.

ज्याचा फोटो काढला त्याला पुढच्या फेरीत प्रिंट द्या. यात खर्च फार नाही. एका बागेतल्या माळीमामांना मी खुरपं हातात असलेला त्यांचा फोटो दिला, तो त्यांनी पाण्याच्या मोटारीच्या खोलीत लावला. ते निवृत्त झाले तेव्हा जाताना नव्या माळ्याला माझ्याबद्दल सांगून गेले, म्हणून आजही त्या बागेत मला कोणी अडवत नाही.

परवानगी

“कशाचा फोटू काढायलाव, साहेब?” हा प्रश्न येणारच. विचारणाऱ्यावर चिडू नका, त्याचं ते कामच आहे. नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या बागेत हातातल्या कॅमेऱ्याने, फोनने फोटो काढायला सहसा हरकत नसते, पण लग्नाआधीच्या शूटिंगमुळे बऱ्याच ठिकाणी शुल्क किंवा बंदीची पाटी लागली आहे. पाटी वाचा. वर्षानुवर्षं यायचं असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे एक साधा अर्ज देऊन त्याची पोच घेऊन ठेवा. मला एका गावात तासभर बसवून ठेवलं होतं. पोच दाखवल्यावर चहा मिळाला.

केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची आधी परवानगी लागते, आणि अजिंठ्याच्या चित्रांपुढे फ्लॅश चालत नाही. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. धरणाच्या भिंतीवर विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. पैठणला जाल तेव्हा हे लक्षात असू द्या, कारण उद्यान जायकवाडीच्या पायथ्याशीच आहे. ड्रोन मी वापरत नाही. बागेत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर घोंघावणारं यंत्र मला पटत नाही.

कॅमेरा, फोन, ऊन आणि धूळ

महाग कॅमेरा लागत नाही, मात्र लेन्सचा कोन दरवर्षी एकच हवा. फोन वापरत असाल तर मुख्य लेन्सच वापरा, म्हणजे पडद्यावर ‘१’ दिसतो ती. बोटांनी झूम करू नका. फोन बदलला की त्या लेन्सचा कोनही थोडा बदलतो, म्हणून जुना फोन विकण्याआधी दोन्हींनी एकाच जागेवरून एकेक फोटो काढून ठेवा. नवा जास्त रुंद असेल तर कापून जुन्याशी जुळवता येतो. नवा अरुंद निघाला तर मागे सरकू नका, जागा महत्त्वाची. दोन फोटो शेजारी-शेजारी काढून पुढे जोडा. फिल्टर आणि रंग भडक करणारी सेटिंग बंद ठेवा. गवत किती हिरवं होतं हाच तर पुरावा आहे.

मकबऱ्याचा संगमरवर आणि चुना उन्हात पांढरा फुटतो, तिथे उजेड थोडा कमी करा. काळ्या दगडाच्या बारवेत कारण वेगळं, उपाय तोच. फोन काळ्याला राखाडी समजून जास्त उजळ करतो, तिथेही थोडा कमी करावा लागतो.

मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की उन्हात धरलेला फोन तापून कॅमेरा बंद पडतो. ओल्या रुमालात गुंडाळू नका, सावलीत ठेवा. आमच्या काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक असते, लेन्स पुसण्याआधी फुंकणीने हवा मारा, नाहीतर ओरखडे पडतात. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, लेन्सला बुरशी लागली की सहसा परत येत नाही.

वही

फोटोइतकीच नोंद महत्त्वाची, आणि ती तिथेच उभ्याउभ्या लिहायची. घरी जाऊन लिहू म्हटलं की राहतं. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

‘१७ सप्टेंबर, सकाळी ८.२०. जागा क्र. ४, फाटक. जोडी १ जुळली, जोडी २ मधला खांब नाही, जोडी ३ वापरली. तोंड ईशान्येला. रात्री पाऊस. हिरवळ घोट्याएवढी, कापलेली नाही. नळाला पाणी नाही. बाकावर चार म्हातारे, दोन मुली अभ्यासाला. कोपऱ्यातलं शिरीष तोडलं, बुंधा ताजा. माळी म्हणतो वीजतारांमुळे.’

एवढंच. ‘माळी म्हणतो’ हे शब्द सोडू नका. जे आपण पाहिलं आणि जे ऐकलं, ते वेगळं ठेवायला हवं.

तारखेची एक युक्ती एका फटक्यातून शिकलो. माझ्या जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली होती, त्यामुळे आतलं घड्याळ मागे गेलं आणि तीन महिन्यांच्या सगळ्या फोटोंवर भलतीच तारीख पडली. वहीवरून क्रम लावता लावता दिवाळी गेली. आता गावात उतरलो की पहिला फोटो एसटीच्या तिकिटाचा काढतो. त्यावर गाव, तारीख, वेळ सगळं छापलेलं असतं. तिकिटाची शाई काही महिन्यांत उडते, फोटोतली राहते.

गावांची नावंही दोन्ही लिहा. २०२३ आधीच्या माझ्या फोल्डरांवर औरंगाबाद आणि उस्मानाबाद आहे, नंतरच्यांवर छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. शोधताना अर्धे फोटो सापडेनात, तेव्हा जागांना क्रमांक दिले. क्रमांक बदलत नाही.

साठवण

फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, मग जागेचा क्रमांक, मग फोटोचा क्रमांक असं ठेवा. २०२४-०९-१७-०४-१. म्हणजे यादी आपोआप तारखेने लागते.

तीन प्रती हव्यात. एक घरच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावात. ही तिसरी प्रत मी बहिणीकडे ठेवतो, भाऊबीजेला जातो तेव्हा बदलतो. २०१४ मध्ये माझी एकुलती एक हार्डडिस्क टेबलावरून पडली आणि आठ महिन्यांचं काम गेलं. दोन ठिकाणी दाखवली, काही निघालं नाही. त्या आठ महिन्यांत एका पाराचा शेवटचा पावसाळा होता.

गूगलवर ठेवत असाल तर फुकटची १५ जीबी लवकर भरते, आणि जागा वाचवणारी सेटिंग चालू असेल तर फोटो दाबला जातो, तेव्हा मूळ दर्जाची सेटिंग निवडा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तोही लहान होतो आणि आत दडलेली तारीख-वेळ निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग मूळ फाइल जशीच्या तशी जाते. आणि दरवर्षी प्रत्येक जागेची एक प्रिंट काढा. मागे पेन्सिलीने लिहा.

आपल्या आधीचे फोटो

मी २००९ मध्ये सुरुवात केली. नांदेडचा कायापालट त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता, गुरु-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबाला शिखांचं गुरुपद मिळाल्याच्या, त्रिशताब्दीच्या निमित्ताने. घाट, रस्ते, चौक सगळं नव्याने झालं आणि माझ्याकडे त्याआधीचं काहीच नाही. किल्लारीच्या बाबतीत तर हे फार टोचतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, गावंच्या गावं नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावठाणातले पार, चावड्या, गल्ल्या आता लोकांच्या बोलण्यातच उरल्या आहेत.

अशा वेळी घराघरांतले अल्बम उघडायचे. लग्नाच्या फोटोत वरातीमागे चौक दिसतो, बारशाच्या फोटोत अंगणापलीकडची वेस. बागेतल्या घसरगुंडीवर बसलेल्या लेकराचा १९८८ चा फोटो म्हणजे त्या बागेचाच फोटो. गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्याला भेटा. त्याच्या माळ्यावर निगेटिव्हचे डबे असतात आणि मुलाला ते भंगारात द्यायचे असतात. मूळ फोटो मागू नका, तिथेच खिडकीच्या उजेडात वरून सरळ फोनने टिपून घ्या आणि जागच्या जागी परत ठेवा. मोठ्या स्थळांची त्याहून जुनी छायाचित्रंही आहेत. निजामांच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला औरंगाबाद, दौलताबाद, वेरूळ टिपलं. ते फोटो समोर ठेवून दोन जोड्यांची रीत लावली, तर ते जिथे उभे होते त्याच्या अगदी जवळ जाता येतं. मी दौलताबादला एक अख्खी सकाळ त्यात घालवली आहे आणि ती माझ्या आवडत्या सकाळींपैकी आहे.

शेजारी मांडताना

पाच वर्षांचे फोटो झाले की मांडायला घ्या. आधी सगळे एकाच मापात कापा, खुणांच्या जोड्या एकमेकींवर येतील असे. मग घाईने निष्कर्ष काढू नका. मेच्या फोटोशेजारी सप्टेंबरचा ठेवून ‘बाग सुधारली’ म्हणणं खोटं आहे. एका तळ्यावर मला एका वर्षी सुंदर हिरवळ दिसली, मोठं करून पाहिलं तर ती जलपर्णी होती. झाड दिसत नाही म्हणजे तोडलंच असं नाही, वादळातही पडलं असेल. वहीत असेल तेवढंच खाली लिहा.

हे फोटो कोणाला दाखवायचे, याचं माझं उत्तर त्याच बागेत येणाऱ्यांना. दोन वर्षांपूर्वी त्या चौदा फोटोंपैकी तेव्हा असलेले बारा, सुतळीला चिमट्यांनी लावून, फाटकाच्या आत दोन झाडांमध्ये टांगले. मुख्याधिकाऱ्यांची परवानगी घेतली होती. रविवार होता. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी बराच वेळ पहिल्या फोटोपाशी उभी राहिली, मग मागे वळून फाटकाशेजारच्या कडुनिंबाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि आजोबांना हाताला धरून ओढत आणलं. आजोबांनी चष्मा पुसला. काट्यांच्या कुंपणावर बोट ठेवून म्हणाले, “ह्या काट्या मीच आणून टाकल्या होत्या.”

त्यांचं नाव मी वहीत त्या झाडासमोर लिहून घेतलं आहे. या मेमध्ये पुन्हा जाणार आहे. जोडी तीन जुळवायची, सुतळीची गाठ बुडाशी धरायची, आणि या वेळी त्यांना विचारून त्यांनाही झाडाशेजारी उभं करायचं.